पॅडलच्या तपासणीची आज्ञावली कशी लिहावी

रत्नागिरीसारख्या समुद्रकाठच्या गावात धातूची वस्तू चार पावसाळे बिनतक्रार काढील, अशी हमी कोणी शहाणा माणूस देत नाही. मांडवीकडून येणारा खारा वारा आणि मृगापासून हस्तापर्यंत भिंतींना पाझर फोडणारी ओल यांच्या संगनमताने बिजागऱ्या गंजतात, कुलपे अडतात, तांब्याच्या तारांवर हिरवी कळा चढते. आणि मस्कतला किंवा कुवेतला नोकरीस असलेल्या एखाद्या काकांनी कधीकाळी हौसेने आणलेले व्हिडिओ गेमचे यंत्र माळ्यावरील ट्रंकेत पडून असेल, तर त्याच्या पॅडलांनाही या नियमातून सूट मिळत नाही. यंत्र चालू होते, पडद्यावर चित्र उमटते, जॉयस्टिकही कुरकुरत का होईना काम देते. परंतु पॅडलची गोल घुंडी हातात घेऊन ब्रेकआउट खेळू लागावे, तर हात स्थिर असतानाही तळाची फळी थरथरते आणि घुंडी एका विशिष्ट जागी येताच फळी पडद्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत येते. घरातील जाणती मंडळी यंत्र भंगारात देण्याचा हुकूम सोडतात तो याच वेळी.

हा हुकूम तूर्त तहकूब ठेवावा, एवढ्याचसाठी हा लेख आहे. थरथरीचे मूळ पॅडलमधील झिजलेल्या कार्बनच्या पट्टीत असू शकते, सॉकेटात साचलेल्या क्षारात असू शकते किंवा बाजारातून आणलेल्या हलक्या अडॅप्टरमध्येही असू शकते. आणि यांपैकी खरा अपराधी कोण हे ठरविण्याच्या कामी खेळ हा साक्षीदार मुळीच भरवशाचा नाही. खेळ लिहिणाऱ्याचे सारे लक्ष खेळणाऱ्याच्या सुखाकडे असते. म्हणून तो दोन वाचनांची सरासरी घेतो, टोकाचे आकडे छाटून टाकतो, बारीकसारीक फरकांकडे काणाडोळा करतो आणि अशा रीतीने पॅडलच्या दोषावर, अगदी सद्धेतूने, पांघरूण घालतो. तपासणीच्या आज्ञावलीचे कर्तव्य याच्या नेमके उलट आहे. यंत्राकडून जो आकडा आला तो कोणताही संस्कार न करता प्रथम दाखवावा, आणि सरासरी, कमाल-किमान इत्यादी हिशेब त्याच्या शेजारी, वेगळे म्हणून, मांडावेत. पुढील सर्व सूचना या एका नियमातून निघालेल्या आहेत.

वाचकाला ६५०२ जातीच्या प्रोसेसरच्या असेम्ब्ली भाषेची तोंडओळख आहे असे मी गृहीत धरतो. आमच्या तंत्रनिकेतनांतील अनेक विद्यार्थ्यांनी ८०८५ वर हात साफ केलेला असतो. त्यांना हे संक्रमण अवघड जाऊ नये. यंत्र म्हणून मी अटारी २६०० निवडतो. सप्टेंबर १९७७ मध्ये अमेरिकेत ते विक्रीस आले तेव्हा मूळ पेटीतच दोन जॉयस्टिक, 'कॉम्बॅट' नावाचे एक कार्ट्रिज आणि पॅडलांची एक जोडी दिलेली असे. म्हणजे पॅडल हे या यंत्राचे मागाहून जोडलेले उपांग नसून त्याच्या मूळ आराखड्यातील अवयव आहे. पाँगपासून, म्हणजे १९७२ पासून, अटारीचा व्यवसाय घुंडी फिरविण्यावरच उभा राहिला होता, हे लक्षात घेता यात नवल नाही.

या यंत्राची सांपत्तिक स्थिती मात्र फारच बेताची आहे. ६५०७ हा सेकंदाला सुमारे ११ लक्ष ९० हजार आवर्तने करणारा प्रोसेसर, १२८ बाइट एवढीच स्मृती, साध्या कार्ट्रिजमध्ये ४ किलोबाइटांची जागा, आणि चित्र साठवून ठेवण्याची सोयच नसल्यामुळे दूरचित्रवाणीचा किरण जसजसा एकेक ओळ रेखीत जाईल तसतसे त्या ओळीचे चित्र तत्क्षणी पुरविणारी टीआयए नावाची चिप. एका ओळीला प्रोसेसरची ७६ आवर्तने मिळतात. अमेरिकेच्या पद्धतीत, म्हणजे एनटीएससीत, एका चौकटीत २६२ ओळी व सेकंदाला ६० चौकटी; आपल्याकडील पाल पद्धतीत ३१२ ओळी व ५० चौकटी. हे आकडे तोंडपाठ असावेत, कारण या यंत्रात ओळ हीच काळ मोजण्याची पट्टी आहे आणि पॅडलही याच पट्टीने मोजले जाते.

ते कसे, ते नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. पॅडलच्या पोटात १ मेगओहमचा पोटेन्शिओमीटर असतो, ज्याला दुकानात नुसते 'पॉट' म्हणतात. त्याचे एक टोक सॉकेटाच्या सातव्या पिनवरील ५ व्होल्टांना आणि सरकता काटा पाचव्या किंवा नवव्या पिनला जोडलेला असतो. एका प्लगवर दोन पॅडले असतात म्हणून पिनाही दोन. यंत्राच्या आत त्या पिनेपाशी १.८ किलोओहमचा एक रोध आणि ०.०६८ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आहे. नळाखाली घागर ठेवावी, नळ किती उघडा आहे हे दिसू नये, पण घागर खुणेपर्यंत भरायला किती वेळ लागला यावरून ते ताडावे, तशी ही योजना आहे. प्रोसेसर प्रथम कपॅसिटर रिकामा करतो, मग सोडून देतो, आणि त्यावरील दाब ठराविक उंबरठा ओलांडीपर्यंत किती ओळी गेल्या ते मोजतो.

येथे अनेक विद्यार्थी एक आक्षेप घेतात आणि तो वरवर पाहता रास्त वाटतो. कपॅसिटर भरण्याची गती सुरुवातीला जलद व पुढे मंद होत जाते; मग घुंडीचा कोन आणि मोजलेला वेळ यांचे प्रमाण सरळ कसे राहील, त्यासाठी दुरुस्तीचा तक्ता करावा लागणार नाही काय? लागणार नाही. उंबरठा एकच आणि स्थिर असल्यामुळे तेथवर पोहोचण्याचा वेळ हा रोध व धारिता यांच्या गुणाकाराच्या ठराविक पटीइतका असतो, आणि धारिता बदलत नसल्यामुळे वेळ रोधाच्या सरळ प्रमाणात राहतो. वक्रता भरण्याच्या आलेखात आहे, मोजमापात नाही. ज्यांनी हा तक्ता करून आज्ञावलीत घातला त्यांनी निर्दोष आकड्याला दोष लावला असे समजावे.

पूर्ण मेगओहमचा रोध असताना उंबरठ्याला पोहोचण्यास सुमारे ३८० ओळी लागतात. म्हणजे जवळपास २४ मिलिसेकंद. आता एक चौकटच मुळी फार तर २० मिलिसेकंदांत संपते. याचा अर्थ असा की घुंडीच्या पूर्ण फेऱ्यातील एक मोठा भाग एका चौकटीत मोजताच येत नाही, आणि बहुतेक खेळ त्या भागाकडे सरळ दुर्लक्ष करतात. खेळणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण घुंडी तिथवर नेण्याची त्याला गरजच पडत नाही. परंतु पट्टीचा तो शेवटचा तिसरा हिस्सा झिजला आहे की शाबूत आहे हे तपासनिसाने पाहिलेच पाहिजे. म्हणून तपासणीच्या आज्ञावलीने एका मापनासाठी सलग दोन चौकटींचा कालावधी घ्यावा.

प्रत्यक्ष लेखनात याची गुरुकिल्ली व्हीब्लँक या एकाच रजिस्टरमध्ये आहे, ज्याचा पत्ता षोडशमानात ०१. त्यातील, ० पासून मोजता, सातवा बिट १ केला की चारही पॅडलांचे कपॅसिटर जमिनीशी जोडले जाऊन रिकामे होतात, आणि पहिला बिट १ केला की पडदा काळा होतो. दोन भिन्न खात्यांची कामे एकाच कारकुनाकडे सोपविल्यावर जो घोटाळा होतो तो येथे हमखास होतो. पडदा काळा करण्यासाठी सवयीने षोडशमान ८२ लिहिण्याचा शिरस्ता आहे, आणि दुसऱ्या चौकटीच्या आरंभीही तोच आकडा लिहिला गेला तर अर्धवट भरलेला कपॅसिटर पुन्हा रिकामा होऊन सारे मापन फुकट जाते. तेव्हा पहिल्या चौकटीच्या काळ्या पट्ट्यात ८२, दुसरीच्या काळ्या पट्ट्यात केवळ ०२, आणि दोन्ही वेळी दृश्य भाग सुरू होताना ००, असा क्रम ठेवावा. रिकामे करण्यास फार वेळ लागत नाही, १.८ किलोओहम आणि ०.०६८ मायक्रोफॅरड यांचा हिशेब केला तर दहा-बारा ओळींत कपॅसिटर नाव घेण्यासारखे काही शिल्लक ठेवीत नाही, आणि काळा पट्टा त्याहून पुष्कळ रुंद असतो.

वाचन आयएनपीटी-० ते आयएनपीटी-३ या चार पत्त्यांवरून करावयाचे. पत्ते ०८ पासून क्रमाने चार. यांत केवळ सातवा बिट विश्वसनीय आहे. खालच्या बिटांवर डेटाच्या तारांवर आधीचे जे काही राहिले असेल तेच दिसते, म्हणून ते झाकून घेण्यास विसरू नये. प्रत्येक ओळीच्या आरंभी डब्ल्यूसिंक या रजिस्टरला लिहून किरणाशी हातमिळवणी करावी, वाय रजिस्टरमध्ये ओळीचा अनुक्रमांक ठेवावा, आणि ज्या पॅडलचा सातवा बिट अजून ० आहे त्याच्या खात्यात तो अनुक्रमांक लिहीत जावे. बिट १ झाला की लिहिणे आपोआप थांबते आणि खात्यात शेवटचा आकडा राहतो. एका पॅडलला आठ आवर्तने धरली तर चारांना बत्तीस लागतात आणि ७६ पैकी निम्म्याहून अधिक चित्रासाठी उरतात. एका बाइटात २५५ च्या पुढे मावत नाही, त्यामुळे आकडा पहिल्या चौकटीत थांबला की दुसरीत, याचीही नोंद स्वतंत्र बाइटात ठेवावी. चार पॅडलांचे चालू, किमान व कमाल आकडे, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे चोवीस बाइट झाले. १२८ च्या संसारात हा खर्च परवडतो. काळ्या पट्ट्यातील आणि ऊर्ध्वसंकेताच्या ओळींतही हीच गणना अखंड चालू ठेवावी, कारण त्या ओळींत कपॅसिटर भरणे काही थांबवीत नाही.

बटणांचा मार्ग निराळा आहे. पॅडलांची बटणे जॉयस्टिकच्या डाव्या-उजव्या दिशेच्या तारांवरून येतात. षोडशमान पत्ता २८० येथील बिट ७ व ६ ही डाव्या सॉकेटातील दोन पॅडलांची बटणे, ३ व २ ही उजव्यातील दोघांची, आणि दाबले असता बिट ० होतो. याहून अधिक सांगण्यासारखे त्यात काही नाही.

आता पडद्यावर काय दाखवावे. माझ्या मते पहिला पडदा असा असावा की ज्यात आकडेमोडच नाही. प्रत्येक ओळीवर आयएनपीटीचा सातवा बिट वेगळा काढून तो सरळ जीआरपी-० अथवा जीआरपी-१ या टीआयएच्या चित्र-रजिस्टरमध्ये ठेवावा, म्हणजे ज्या ओळीवर कपॅसिटरने उंबरठा ओलांडला तेथून खाली एक उभी रेघ उजळते. घुंडी फिरवली की रेघेचे टोक वर-खाली सरकते, आणि पट्टीत खोट असेल तर ते टोक डोळ्यांदेखत थरथरते. येथे कपॅसिटर आणि पडदा यांच्यामध्ये स्मृतीचा एकही बाइट नाही, सरासरी नाही, मध्यस्थ नाही. जे आहे तेच दिसते. डाव्या सॉकेटातील जोडी दाखवायची की उजव्यातील, हे यंत्रावरील डिफिकल्टीच्या खटक्यावर सोपवावे. एकाच चौकटीचा भाग यात दिसतो ही मर्यादा आहे, आणि म्हणूनच दुसरा, आकड्यांचा पडदा हवा, ज्यात दोन चौकटींचे पूर्ण मापन, किमान, कमाल आणि त्या दोहोंतील अंतर अशा चार संख्या प्रत्येक पॅडलसमोर उभ्या असतील आणि रिसेटचा खटका दाबताच किमान-कमाल पुन्हा कोरे होतील.

रंगावर मात्र विसंबू नये. अमेरिकेतून आलेले यंत्र आपल्या पाल पद्धतीच्या जुन्या संचाला जोडले तर चित्र आले तरी रंग येईलच असे नाही. म्हणून दोष दाखविण्यासाठी तांबडा आणि ठीक असेल तर हिरवा अशी योजना करणारा तपासनीस काळ्या-पांढऱ्या पडद्यापुढे आंधळा होतो. फरक नेहमी उजेडाच्या कमी-अधिकपणाने दाखवावा. आवाजाचेही तसेच आहे. वाचनातील बदल टीआयएच्या बत्तीस स्वरांवर बसवून ऐकला तर डोळ्यांच्या आधी कानाला थरथर कळते, हा फार उपयुक्त तोडगा मी अवश्य सुचवीन. पण एनटीएससी यंत्राचा ध्वनी चित्रापासून ४.५ मेगाहर्ट्झवर असतो आणि आपले संच तो ५.५ मेगाहर्ट्झवर शोधतात, त्यामुळे अँटेनाच्या तारेने जोडलेले असे यंत्र आपल्या संचावर बहुधा मुकेच राहते. ध्वनी ही सोय समजावी. साक्ष पडद्याची घ्यावी.

एका ओळीला सुमारे अडीच किलोओहम, ही आपल्या पट्टीची सूक्ष्मता झाली. बहुतेक कामाला ती पुरते. अधिक बारीक पाहावयाचे असल्यास एकाच पॅडलसाठी निराळी फेरी लिहावी: एक्स एकाने वाढवणे, तो शून्यावर आला असेल तर वाय वाढवणे, आयएनपीटीचा बिट पाहणे, आणि अजून ० असेल तर मागे फिरणे. या फेरीस ११ आवर्तने लागतात, म्हणजे सूक्ष्मता जवळजवळ सातपट वाढते. फेरी चालू असताना पडद्याकडे लक्ष देण्यास प्रोसेसरला सवड नसते आणि चित्र काही क्षण विस्कटते. ते विस्कटू द्यावे. सिलेक्टचा खटका दाबल्यावर काही वाचने घेऊन किमान व कमाल तेवढे जपावे आणि मग चित्र पूर्ववत करून निकाल जाहीर करावा.

आज्ञावली डीएएसएम या असेम्ब्लरवर बांधावी आणि प्रथम स्टेला या एम्युलेटरवर चालवून पाहावी. ओळींची गणती चुकली आहे काय, बटणांचे बिट उलटे तर वाचले नाहीत, हे सारे तेथे घरबसल्या कळते. पण स्टेलात पॅडलचे काम माउस करतो आणि माउसच्या पट्टीवर रत्नागिरीची ओल चढत नाही. एम्युलेटरवर उत्तीर्ण झालेली आज्ञावली केवळ परीक्षेस बसण्यास पात्र झाली असे मानून, हार्मनीसारख्या पुनर्लेखनक्षम कार्ट्रिजवर ती घालून खऱ्या यंत्रावरच तिचा कस लावावा.

तो कस पॅडलने नव्हे, साध्या रोधांनी लावावयाचा, आणि ही पायरी कोणी गाळू नये असा माझा आग्रह आहे, कारण ज्या मापाची स्वतःची पडताळणी झालेली नाही त्याने दुसऱ्याची उंची मोजणे हा अन्याय आहे. मारुती मंदिराकडील किंवा तुमच्या गावातील कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १००, २२० व ४७० किलोओहमांचे आणि १ मेगओहमचा असे एक टक्का अचूकतेचे रोध आणावेत, रिकाम्या नऊ पिनांच्या प्लगवर सातव्या पिनेपासून पाचवीपर्यंत, आणि मग सातवीपासून नववीपर्यंत, एकेक सोल्डर करून यंत्र बंद असतानाच लावावे. अपेक्षित आकडे अनुक्रमे ३८, ८४, १७९ आणि ३८० यांच्या जवळपास यावेत. नेमके तेच येणार नाहीत, कारण यंत्रातील कपॅसिटरची स्वतःची चूक दहा-वीस टक्के असू शकते. म्हणून संख्यांपेक्षा त्यांच्या गुणोत्तराकडे पाहावे. ४७० चे वाचन १०० च्या वाचनाच्या ४.७ पट भरले तर आज्ञावली बरोबर आहे. लहान रोधांवर प्रमाण बिघडत असेल तर गणती एखादी ओळ आधी किंवा उशिरा सुरू होते असे समजावे; मोठ्या रोधांवर बिघडत असेल तर दुसऱ्या चौकटीची बेरीज किंवा ते दुष्ट ८२ पुन्हा तपासावे.

मग रिकामे सॉकेट. त्यात काहीच नसताना कपॅसिटर कधीही भरता कामा नये, आणि आकड्याच्या जागी 'जोडलेले नाही' असे दिसावे. सीएक्स-२० हा ड्रायव्हिंग कंट्रोलर सीएक्स-३० या पॅडलसारखाच दिसतो, पण त्याची घुंडी कोठेही न अडता गोल फिरत राहते आणि तो पॉटच्या तारा मुळीच वापरीत नाही. तो लावला असतानाही हीच सूचना येईल, आणि निर्दोष वस्तूवर मृत्यूचा दाखला देण्याचा प्रसंग टळेल. येथे कोकणासाठी एक खास तपासणी जोडावी. एका खटक्यावर व्हीब्लँकचा सातवा बिट पूर्ण सेकंदभर ० ठेवून रिकामे सॉकेट पाहावे. पिनांच्या मध्ये क्षार आणि ओल यांचा पापुद्रा बसला असेल तर ५ व्होल्ट त्यातून झिरपून कपॅसिटर हळूहळू भरतो, आणि पॅडल नसतानाही आयएनपीटीचा बिट १ होतो. अशी गळती चालू असता पूर्ण फिरवलेल्या पॅडलचा कमाल आकडा घटतो. जमिनीच्या पिनेकडे गळती असेल तर उलट तो किंचित वाढतो. एका सॉकेटाची दुसऱ्याशी तुलना करूनच निर्णय द्यावा, आणि दोष आढळला तर पॅडल उघडण्याच्या भानगडीत न पडता सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन वाळवावे. पावसाळ्यात पॅडल बिघडते आणि दिवाळीनंतर आपोआप सुधारते, अशी कैफियत जेथे ऐकू येते तेथे बहुधा हेच कारण निघेल.

एवढे झाल्यावर पॅडलची पाळी येते. घुंडी मध्यावर ठेवून हात काढून घ्यावा, किमान-कमाल कोरे करून मिनिटभर पाहावे. एक-दोन ओळींचे अंतर सामान्य आहे. सहा-सात ओळींपलीकडे गेले तर पट्टी किंवा काटा मळलेला आहे. हे मध्यावर, मग दोन्ही टोकांजवळ करावे, कारण झीज नेहमी तेथेच असते जेथे खेळणाऱ्याने घुंडी अधिक फिरवली. त्यानंतर घुंडी एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अगदी सावकाश न्यावी आणि आकडा मध्येच कमालीकडे झेपावतो काय ते पाहावे. काटा पट्टीवरून क्षणभर उचलला गेला की रोध अनंत होतो आणि कपॅसिटर भरतच नाही. म्हणून मृत जागा नेहमी मोठ्या आकड्याच्या उडीने प्रकट होते. फळी पडद्याच्या टोकाला उडी का मारते आणि नेहमी एकाच टोकाला का, याचे उत्तर यात आहे. शेवटी एका पॅडलचे बटण दाबून धरून दुसऱ्याचा आकडा हलतो काय ते पाहावे. हलत असेल तर दोघांच्या सामाईक तारेत जोड ढिला असण्याची शंका घ्यावी.

चारही आकडे एकाच वेळी, एकाच लयीत हलत असतील तर पॅडलला हात लावू नये. तो विजेचा गुन्हा आहे. मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट व ५०० मिलिअँपिअरचा असतो आणि यंत्राच्या आतील ७८०५ हा नियामक त्यातून ५ व्होल्ट काढतो. त्याला आत दोन व्होल्ट तरी अधिक लागतात. हलक्या अडॅप्टरचा दाब भाराखाली त्याखाली गेला की ५० हर्ट्झच्या मुख्य विजेची लहर थेट ५ व्होल्टांत उतरते. पाल यंत्राच्या चौकटीही जवळजवळ ५० च्या असल्यामुळे ती लहर तेथे मंदपणे वाहत जाणाऱ्या चुकीसारखी दिसते, तर अमेरिकन यंत्रात ६० आणि ५० यांच्या फरकाने सेकंदाला दहा वेळा थरथर उठते, जी हुबेहूब मळलेल्या पट्टीसारखी भासते. अडॅप्टर बदलून पुन्हा पाहणे हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.

पट्टीच दोषी ठरली तर घुंडी ओढून काढून, खालची मोठी चक्री सोडवून पॉट बाहेर घ्यावा, त्याच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनर सोडून टोकापासून टोकापर्यंत अनेकवार फिरवावा आणि पूर्ण वाळल्यावर पुन्हा मोजावा. सुधारणा झाली नाही तर नवा घालावा. येथे दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये. आवाजाच्या कामाचे पॉट बहुधा लघुगणकी चढाचे असतात, आणि मेगओहमचाच असला तरी तसला पॉट बसविल्यास घुंडी अर्धी फिरेपर्यंत आकडा एकतर सरकतच नाही किंवा जवळजवळ सगळा सरकून जातो. अंगावर 'बी' हे अक्षर असलेला, सरळ चढाचा मागावा. ४७० किलोओहमचा कमोडोरच्या पॅडलमध्ये असतो. तो येथे बसवला तर पूर्ण फेऱ्यात आकडा १७९ च्या पुढे जाणार नाही आणि फळी पडद्याच्या काठाला पोहोचणार नाही. दोन्ही चुका आपल्या आज्ञावलीच्या आकड्यांच्या पडद्यावर पहिल्याच फेऱ्यात उघड होतात, म्हणून जुना पॉट काढण्यापूर्वीचे आणि नवा बसविल्यानंतरचे आकडे घुंडीच्या तीन ठराविक स्थितींत लिहून ठेवावेत, सोबत यंत्र पालचे की एनटीएससीचे, अडॅप्टर कोणता आणि महिना कोणता, हेही लिहावे. कारण मे महिन्यात घेतलेले मोजमाप आणि जुलैतले मोजमाप या किनाऱ्यावर एकच मानता येत नाही.